दाढीच्या भावावरून देश

जगात किती देश आहेत हे तोंडपाठ सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण एखाद्या देशात साधी दाढी करून घ्यायला किती पैसे पडतात हे समजल्याखेरीज तो देश खरोखर अस्तित्वात आहे असंच न मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे भरे गावचे आमचे घरमालक. वय अडुसष्ट, अंग काटक, चाल अशी की पिरंगुटाच्या चौकातल्या गाड्यांनी आपणहून वाट द्यावी, आणि चेहरा मुळशी तालुक्यात दुसरा सापडणार नाही इतका गुळगुळीत. हा गुळगुळीतपणा हौसेचा नव्हता. घरमालक ज्या गावी जात तिथे आधी दाढी करत, मग देवदर्शन, आणि मग ज्या कामाला गेले ते काम. एका दिवसात पौड, पिरंगुट आणि हिंजवडी अशी तीन गावं झाली, तर तीन दाढ्या होत. तिसऱ्या दाढीच्या वेळी वस्तऱ्याखाली काही उरलेलंच नसे. हिंजवडीतल्या काचेच्या सलूनमधला कारागीर एकदा वैतागून म्हणाला, "काका, दाढी आहेच कुठे?" तेव्हा घरमालक डोळे मिटून शांतपणे म्हणाले, "नसू दे. तू फिरीव. मला भाव कळला पायजे." नुसतं विचारून भाव कळतो हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. इचारल्याला भाव निराळा आन् खिशातनं गेल्याला निराळा, असं त्यांचं ठाम मत. काकू, म्हणजे घरमालकीण, यावर एवढंच म्हणत, "गालाची सालटं निघाली, पर ह्यांचं भाव संपंनात."

मी मूळची परभणीची. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिथल्या खोल्यांची भाडी ऐकून मी घोटवड्याच्या रस्त्यानं मागे मागे सरकत भऱ्यात येऊन पोचले. घरमालकांनी भातखाचराच्या कडेला चार खोल्यांची एक ओळ बांधली होती. चारही खोल्या एकसारख्या: एक खिडकी, एक ओटा, एक मोरी आणि दारासमोर हातभर पडवी. मी भाडं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

"परभणी."

"ऱ्हावा मग. भाडं सोमवारी सांगतो."

त्यांनी माझ्या घरचा पत्ता लिहून घेतला. बायकोला विचारून भाडं सांगणार असतील, असं मला वाटलं. रविवारी दुपारी आईचा फोन आला. "अगं, तुझे घरमालक आलते की गं इथं! चहा घेतला, मंडईत जाऊन वांगे-टमाटे चाचपून आले, चौकात दाढी केली आणि गेले बी. माणूस बरा हाय ना गं?" बरा आहे म्हणून मी फोन ठेवला. सोमवारी सकाळी घरमालक माझ्या दारात उभे होते, ताजेतवाने. म्हणाले, "तुमच्याकडं दाढी चाळीस रुपय. हिंजवडीत एकशेवीस. तुमी कमावता हिकडच्या बाजारात, पर घरी धाडता तिकडच्या बाजारात. तवा मधला भाव धरला." आणि त्यांनी सांगितलेलं भाडं मी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बरंच खाली होतं. भाडं कमी करण्यासाठी स्वतःच्या खर्चानं परभणीला जाऊन आलेला घरमालक मी ऐकलाही नव्हता. एस.टी.च्या खर्चाचं मी काही बोलू लागले तर म्हणाले, "मला अर्धं तिकीट हाय. सरकारनं बी भाव लावलाय की माणूस बघून!"

शेजारच्या खोलीत नागपूरचा एक इंजिनिअर राहायचा. खोली तीच, खिडकी तीच, पण त्याचं भाडं माझ्यापेक्षा आठशेनं जास्त. हे त्याला कळलं कारण घरमालक कधीच काही लपवत नसत; कुणाला किती भाडं हे ते पाण्याच्या नळावर सर्वांसमक्ष सांगत. तो भडकला. म्हणाला, "काका, मी नागपूरचा म्हणजे शहरातला नाही, तिथून दोन तासांवरच्या खेड्यातला आहे." घरमालकांचा चेहरा एकदम उजळला. "मग आधी का न्हाई सांगितलं? गाव कंचं?" पुढच्या आठवड्यात ते त्या खेड्यात जाऊन आले आणि त्यांनी भाडं दोनशेनं उतरवलं. "उरल्यालं सहाशे का न्हाई उतरिवलं?" असं तो चिडवून विचारू लागला, तेव्हा म्हणाले, "तुमच्या वडलांचं पक्कं घर बघितलं. संत्र्याची बाग बी बघितली. बाग झ्याक हाय." त्यानंतर तो इंजिनिअर त्यांच्याशी कधी भांडला नाही. आपल्या वडलांची बाग बघायला सबंध महाराष्ट्र ओलांडून गेलेल्या माणसाशी भांडणार तरी काय?

एका संध्याकाळी पडवीत बसून ते मला म्हणाले, "ताई, एवढा कांप्युटर घिऊन बसता, पर काम काय करता ते काय उमगत न्हाई."

माझं काम कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण सांगितलं की लोक मला लबाड समजत. आमची कंपनी कपडे बेतायचं एक सॉफ्टवेअर विकते. गिऱ्हाइकाची मापं भरली की सदऱ्याचा, झग्याचा, कोटाचा पुरा नमुना कागदावर छापून मिळतो; कागद कापडावर ठेवायचे आणि कात्री चालवायची. जगभरातले टेलर ते वापरतात. वापरायचा परवाना दर वर्षी घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत प्रत्येक देशात निराळी असते. अमेरिकेतल्या टेलरला जे शंभराला, ते आपल्याकडे पंचविसाला, नेपाळमध्ये त्याहूनही कमी. देशांची यादी सांभाळणं आणि कुणाला किती हे सुचवणं, हे माझं काम. हे ऐकून माझा सख्खा मामा म्हणाला होता, "म्हणजे एकच वस्तू माणूस पाहून विकता? ही शुद्ध फसवणूक झाली." आता घरमालकही तेच म्हणणार, या तयारीत मी होते.

त्यांनी मात्र हळूच विचारलं, "किती देशांचा भाव लावता तुमी?"

"त्र्याऐंशी."

त्यांनी दोन्ही हात जोडले. थट्टेनं नव्हे; देवळात जोडतात तसे. "आन् मी हितं चार खोल्यांला घाबरतुया," ते म्हणाले. मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, "तितं दाढी कितीला?"

"कुठे?"

"समदीकडं."

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे माणशी उत्पन्नाचे तक्ते होते, चलनाचे दर होते, मोठमोठ्या अहवालांतले उतारे होते. दाढी नव्हती. घरमालकांना माझी एवढी कीव आली की काकूंनी मला त्या दिवशी जेवायलाच बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाच्या फोनवर शेवटी विचारायला लागले: "एक खासगी प्रश्न, तुमच्याकडे दाढीला किती घेतात?" लिस्बनमधला एक म्हातारा कोट शिवणारा इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं, आणि मग त्यानं आपल्या गल्लीतल्या तीन दुकानांचे भाव सांगितले. घानामधली एक बाई म्हणाली, थांबा, नवऱ्याला विचारते. नवरा फोनवर आला आणि भाव फार वाढल्याची तक्रार तोच करत बसला. माझ्या तक्त्यात मी एक नवा रकाना केला आणि कुणाला कळू नये म्हणून त्याला नुसतं 'डी' असं नाव दिलं. रोज संध्याकाळी मी पडवीत दोन-तीन देशांचे भाव सांगे आणि घरमालक डोळे मिटून ऐकत. एखाद्या देशाचा भाव कळला की ते मान डोलावून म्हणत, "हाय म्हंजी ह्यो देश."

खरं सांगते, तो रकाना मी गमतीनं भरत होते. पण भरत भरत पन्नासेक देश झाले तेव्हा मला दिसलं, की अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यातला देशांचा क्रम आणि दाढीचा क्रम जवळजवळ एकच आहे. फक्त दोन-तीन ठिकाणी गाडी अडत होती. आखातातला एक तेलाचा देश कागदावर अतिश्रीमंत होता, आम्ही तिथे सगळ्यांत वरचा भाव लावला होता, आणि तिथे आमचं सॉफ्टवेअर कुणी घेत नव्हतं. दाढी मात्र तिथे स्वस्त. मी घरमालकांना म्हटलं, इथे तुमचं गणित चुकलं. ते भाताच्या पेंढ्या बांधायला काडाचं आळं, म्हणजे दोर, वळत होते; हात न थांबवता म्हणाले, "दाढी स्वस्त म्हंजी दाढी करनारा परमुलखातला. त्यो परमुलखातला, तर टेलर तरी त्या देशाचा कशावरनं? तुमी भाव शेटचा लावला, ताई. शिवतंय कोण त्ये बघा."

मी बघितलं. तिथले टेलर आपल्याकडचे होते, बांगलादेशातले होते, पाकिस्तानातले होते. शेटजी एकही नव्हता. माझ्या सांगण्यावरून तिथला भाव उतरवला आणि दोन महिन्यांत त्या देशातून मागणी यायला लागली. आमच्या मोठ्या साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. आठ वर्षं शिकून मला जे दिसलं नव्हतं, ते आळं वळता वळता दिसलेल्या माणसाकडे मी त्या दिवसापासून वेगळ्याच नजरेनं पाहायला लागले.

आणि मग नेपाळचं प्रकरण निघालं.

झालं असं, की सीमेलगतच्या एका छोट्या नेपाळी गावातून दोनशेच्या वर परवाने घेतले गेल्याचं कंपनीच्या लक्षात आलं. दोनशे वेगवेगळी नावं, पण पत्ता सगळ्यांचा एकच आणि पैसेही एकाच कार्डावरून भरलेले. साहेबांनी सरळ निष्कर्ष काढला: हे खोटे टेलर आहेत. कुणीतरी नेपाळच्या स्वस्त भावात परवाने उचलून महागाच्या देशांत विकतो आहे. उपाय असा ठरत होता, की नेपाळच नव्हे तर सगळ्या खालच्या गटातल्या देशांचा स्वस्त भाव बंद करायचा. दोन आठवड्यांत मी त्यावर टिपण द्यायचं होतं. माझ्याजवळ उलट बोलायला काही नव्हतं. पुरावा त्यांच्या बाजूनं होता. त्या गटात सोळा देश होते आणि तिथल्या कित्येक टेलरांचे आवाज मला ओळखीचे झाले होते.

सकाळी नळावर बादली भरताना मी हे घरमालकांना सांगितलं. त्यांनी गावाचं नाव विचारलं, दोनदा म्हणून घेतलं, आणि विचारलं, "गाव केवढं हाय?"

"माहीत नाही."

"शाळा हायेत का तितं?"

"माहीत नाही, काका."

"तितं गेलं कोण हुतं?"

"कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चपला पडवीत नव्हत्या. काकू म्हणाल्या, "गेलं न्हवं ह्ये. मतदानाचं कार्ड चालतं म्हनं तिकडं. गोरखपूरपातूर गाडी, म्होरं जीप."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हिंदीच्या नावानं चार वाक्यं, आणि माझ्या नोकरीच्या कामासाठी परक्या देशात! पहिले तीन दिवस फोन आले: गोरखपूरची दाढी, तिथल्या वांग्यांचा भाव. चौथ्या दिवसापासून फोन लागेना. सीमेपलीकडे आपला मोबाइल चालत नाही हे मला माहीत होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. सहाव्या दिवशी मी काकूंची माफी मागायला गेले. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"तुज्यापायी न्हाई गेलं ते, पोरी," त्या म्हणाल्या. "त्यांला ह्यो नाद माज्यापायी लागलाय." मग सूप खाली ठेवून त्यांनी मला सांगितलं. पहिल्या बाळंतपणात त्या अडल्या होत्या. जीपमध्ये घालून त्यांना पौडला एका डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस मरणाशी झुंज झाली. माय आणि लेक दोघी वाचल्या. निघताना घरमालकांनी हात जोडून किती द्यायचं ते विचारलं. डॉक्टरांनी विचारलं, "भऱ्यात खुरपणीची रोजंदारी काय आहे?" यांनी सांगितली. "आठ दिवसांची द्या." शेजारच्या खाटेवर एका मोठ्या ठेकेदाराची बायको होती, तिचंही दुखणं तेच. तिच्या नवऱ्यानं दिलेल्या नोटा यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. हे परत आत गेले आणि म्हणाले, डॉक्टर, माझ्यावर उपकार नकोत. डॉक्टर रागावलेच. म्हणाले, "औषध दोघींना एकच दिलंय. पैसे ज्याच्या त्याच्या गावचे घेतले. यात उपकार कसला?"

"तवापास्नं ह्ये असं झालं," काकू म्हणाल्या. "ते डाक्टर गेलं बिचारं. ह्ये मातर कुनाला सांगत न्हाईत. म्हनत्यात, सांगितलं की मानूस भाव कमी करून घ्यायला रडगानं गातंय. आपनच जाऊन बघावं." त्यांनी पुन्हा सूप उचललं, पण पाखडलं नाही. "येतील. कुटं जात न्हाईत," असं त्या म्हणाल्या, बहुधा स्वतःलाच.

टिपण द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, घरमालक आले. अंगात नवा करकरीत सदरा, हातात एक फुगलेली पिशवी आणि काखेत कागदांची जाडजूड गुंडाळी. काकूंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला. घरमालकांनी पिशवी पडवीत उलटी केली. आतून सहा सदरे निघाले. अंगातला सातवा.

"सात घरांत शिवून घेतलं," ते म्हणाले. "खोटा टेलर सदरा शिवंल का? म्हणून शिवूनच बघितलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या गावात उतरल्यावर त्यांनी आधी दाढी केली आणि दाढी करणाऱ्यालाच विचारलं, की हितं कापडं कोण शिवतं? तो हसून म्हणाला, कोण नाही शिवत ते विचारा. गावातल्या बायका कित्येक वर्षं परदेशात शिलाईच्या कारखान्यांत कामाला जात. परत आल्यावर हातात कसब होतं; एकीनं मशीन घेतलं, तिचं बघून दुसरीनं, आणि आता आसपासच्या सगळ्या शाळांचे गणवेश त्या गावात शिवले जातात. घरटी एक मशीन. संगणक मात्र कुणाकडे नाही. तो आहे बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार मापं भरून नमुने छापून देतो. बायकांकडे बँकेचं कार्ड नाही, म्हणून त्यांचे रोख पैसे घेऊन तो आपल्या कार्डावरून भरतो. पत्ताही दुकानाचाच देतो, कारण गल्ल्यांना नावंच नाहीत.

"मी त्याला म्हनलं," घरमालक पुढे सरसावून सांगू लागले, "अरं, एकीच्या नावानं एकच परवाना घ्यायचा, समद्यांचं कागद त्याच्यावरच छापायचं. कुनाला कळतंय? तर त्यो काय म्हनला ठावं हाय? म्हनला, कंपनीनं लिवलंय, दर टेलरला एक. म्हनून दोनशे घेतलं. ताई, तुमचं साहेब ज्याला चोरी म्हनत्यात, त्यो त्या मानसाचा इमान हाय."

त्यांनी गुंडाळी सोडली. सातही सदऱ्यांचे नमुने होते, चिकटवलेले, सुयांनी टोचलेले, खडूनं माखलेले. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात परवान्याचा क्रमांक छापलेला. मी संगणक उघडून एकेक क्रमांक ताडून पाहिला. सातही क्रमांक यादीत होते, सातही निरनिराळ्या बायकांच्या नावांवर.

"आनिक एक हाय," घरमालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "चोर बी हाय. चौकात मोबाइलचं दुकान हाय, त्यानं ह्या दोनशांबिगर तीस-चाळीस परवानं घेतलं आन् भाईर इकलं. त्यानंच हसत सांगितलं मला."

मी म्हटलं, "काका, हे नको सांगायला. साहेब तेवढंच धरून बसतील आणि सगळ्या बायकांचा भाव जाईल."

"त्ये बी लिवा."

"अहो, पण..."

"लिवा, ताई. ह्ये झाकलं आन् उद्या उघडं पडलं, तर त्या बायांचं खरं बी कुनाला खरं वाटायचं न्हाई." एवढं बोलून ते चहा प्यायले. भीती वाटणं म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक नसावं, असं मला त्या क्षणी वाटलं.

मी दोन्ही लिहिलं. बैठकीत पडद्यावर साहेब होते, आणखी पाच-सहा जण होते. मी सातही नमुने टेबलावर पसरले, क्रमांक वाचून दाखवले, वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराचं सांगितलं, मग मोबाइलवाल्याचंही सांगितलं. साहेबांनी विचारलं, "हे प्रत्यक्ष पाहून कोण आलं?"

"माझे घरमालक."

"त्यांचा या क्षेत्रातला अनुभव?"

"चार खोल्या आहेत त्यांच्या," मी म्हटलं. कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक नमुना कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला आणि कागदावरचा खडू, सुयांची भोकं, पुन्हा पुन्हा घडी घालून मऊ पडलेल्या कडा बराच वेळ न्याहाळल्या. मग म्हणाले, "माझे वडील टेलर होते." एवढंच. त्या आठवड्यात मोबाइलवाल्याचे परवाने बंद झाले. बायकांचे राहिले, सोळा देशांचा भावही राहिला, आणि एका दुकानातून अनेक टेलरांना परवाना घेता यावा असा नवा नियम झाला. कंपनीनं घरमालकांसाठी एक टोपी आणि पाण्याची बाटली पाठवली. बाटलीत काकू मेथीचं बी ठेवतात. सातही सदरे घरमालकांनी विरेपर्यंत वापरले. प्रत्येकाचा गळा निराळा, बाही निराळी, पण अंगावर एकही चुकला नव्हता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. लग्नानंतर मी महाळुंग्याला राहायला गेले. तिथे आमच्या इमारतीत शेकडो घरं आहेत. शेजारी कुठल्या गावचा, हे मला अजून माहीत नाही. भऱ्याला जाणं कमी झालं. घरमालकांचे दोन्ही गुडघे गेले, शस्त्रक्रिया झाली, आणि लांबचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी गेले, तेव्हा भात निघालेलं होतं आणि ते बांधावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. काठी बाजूला. कानांनाही जरा कमी ऐकू येतं आता. मी शेजारी दगडावर बसले. कापलेल्या खाचरात बगळे उतरत होते.

"लई बघायचं ऱ्हायलं, ताई," ते एकाएकी म्हणाले. "जग केवढं मोठं हाय. आन् मी आपली दोन-चार गावं बघितली." मग माझ्याकडे वळून, कौतुकानं, "तुमी तरी बघितलं आसंल की समदं. एवढ्या देशांचं काम तुमचं."

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं.

"नाही काका," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं. "मी कुठेच गेलेली नाही."

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, आणि ते हसतील किंवा मला रागावतील म्हणून मी वाट पाहत राहिले. दोन्ही झालं नाही. त्यांनी आपला खरखरीत हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"जावा मग," ते म्हणाले. "पाय हायेत तवर जावा."

काकूंनी आतून जेवायला हाक मारली. त्यांना उठवायला मी हात पुढे केला; त्यांनी तो घट्ट धरला आणि आम्ही बांधावरून सावकाश, एकेक पाऊल टाकत घराकडे निघालो.